साळूताईने आखलेली वाट

मुलांनो, डोंगराच्या कुशीत एक दरी होती आणि त्या दरीतल्या झऱ्याच्या काठात बीळ करून एक साळिंदरीण राहत असे. सगळे तिला साळूताई म्हणत. स्वभावाने भारी सावध. पाऊल टाकण्याआधी जमीन हुंगायची, बोलण्याआधी दोनदा विचार करायचा, आणि विचार करताना अंगावरचे काटे खुळखुळ वाजवायचे, अशी तिची रीत. त्यामुळे साळूताई विचारात पडली की साऱ्या दरीला ऐकू जाई. बिळात तिची दोन पिल्ले होती. त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते, म्हणून त्यांना बाहेर पडायला सक्त मनाई होती.

दरी म्हणाल तर दृष्ट लागण्यासारखी. बारमाही पाणी, करवंदाच्या जाळ्या, बिळांसाठी मऊ माती. वाईट एवढेच, की झऱ्यात एक रानडुक्कर ठाण मांडून बसलेले असे. त्याला डुक्कर म्हणायची सोय नव्हती, ‘सरकार’ म्हणावे लागे. रोज सकाळी सगळ्यांनी रांगेत उभे राहून सरकारच्या सुळ्यांची स्तुती करायची. सरकारने चिखलात मनसोक्त लोळायचे. मग उरलेले गढूळ पाणी ज्याची स्तुती पसंत पडेल त्याने प्यायचे. ससा म्हणे, “सरकारचे सुळे म्हणजे चंद्राची कोर!” हरीण म्हणे, “छे, चंद्र तर सुळ्यांपुढे फिका!” खारीला मात्र काही सुचतच नसे. ती आपली नुसती “वा! वा!” करी आणि बरेचदा तहानलेलीच घरी जाई.

तुम्ही विचाराल, एवढे सगळे प्राणी, मग त्यांनी एका डुकराला हाकलून का दिले नाही? अहो, तोही प्रयत्न झाला होता. एकदा सगळ्यांनी मिळून त्याच्यावर चाल केली. त्यात हरणाचे एक शिंग मोडले, सशाचा कान फाटला, आणि वर पुढचे कित्येक दिवस कुणाला पाण्याचा थेंब मिळाला नाही. तेव्हापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावले होते. ते उघडत असे फक्त सुळ्यांच्या स्तुतीपुरते.

अशात सरकारचा वाढदिवस जवळ आला, येत्या पौर्णिमेला. तो वर्षातून पाच-सहा वेळा तरी यायचा. सरकारच्या मनात आले की आला. या खेपेला सरकारने फर्मान काढले, “आमची लोळायची जागा अपुरी पडते. वाढदिवसाला हा काठ खोदून मोठी करायची!” आणि सुळ्याने जो काठ दाखवला, तो नेमका साळूताईच्या बिळाचा.

“सरकार, तिथं माझी पिल्लं आहेत हो,” साळूताई कशीबशी म्हणाली.

“मग उचल त्यांना. पौर्णिमेपर्यंत वेळ दिलाय, हेच खूप झालं.”

पिल्लांना चार पावले धड टाकता येत नव्हती. त्यांना डोंगर चढवून नेणार कशी? 

त्या संध्याकाळी जांभळाखाली सगळे जमले. हळू आवाजात बोलणे सुरू झाले. खार म्हणाली, “डोंगरापलीकडे हत्तींचा कळप आहे. त्यांना बोलवा की! डुकराला पळता भुई थोडी होईल.”

“बोलवा, बोलवा!” मोर फणकारला. तो मूळचा शेजारच्या खोऱ्यातला, अलीकडेच इथे राहायला आलेला. “आमच्याकडे एक लांडगा होता. हत्तींना आमची दया आली, आणि न बोलावताच आले. लांडगा एका आरोळीत पसार झाला, हे मी नाकारत नाही. पण लांडग्यापासून लपायची झुडपंही गेली, पाखरांची घरटी गेली, उंदरांची बिळं गेली. आमच्या खोऱ्याचं मैदान झालं. आणि हत्ती सगळ्यांना विचारत होते, ‘आता बरं वाटतंय ना?’”

“म्हणजे दुसऱ्याच्या घरात कुणी पाऊल टाकूच नये?” मोडक्या शिंगाचे हरीण उसळून म्हणाले. “साळूताईच्या पिल्लांना खोदून काढताना हत्तींनी डोंगरावरून नुसतं बघत राहायचं?”

“तसं कुठं म्हणालो मी?” मोर जरा वरमला. “हत्तीला पायाखालचं दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.”

बोलवायचे हे ठरले, पण कसे ते कुणाला सुचेना. तेवढ्यात ऐकू आले, खुळखुळ, खुळखुळ. साळूताई विचार करत होती. बराच वेळ विचार करत होती. मग ती उठली आणि पिल्लांवर लक्ष ठेवायला खारीला सांगून डोंगराच्या दिशेने चालू लागली.

हत्तींच्या कळपात एक तरुण सुळेवाला होता. मनाने निर्मळ, अंगात मस्ती, डोक्यात घाई. साळूताईचे बोलणे अर्धे झाले नाही तोच तो सोंड उंचावून ओरडला, “चला, आत्ताच निघू! त्या डुकराला चेंडूसारखा उडवतो!”

“थांब रे,” कळपाची म्हातारी हत्तीण म्हणाली. सगळे तिला आजी म्हणत. “बाई, हे तुझं एकटीचं मागणं की तुमच्या दरीचं?”

“दरीचं, आजी. सगळ्यांचं. मोराचंसुद्धा, पण त्याचं अर्धंच.”

“आधी तुमचं तुम्ही काही करून पाहिलंत?”

“पाहिलं. हरणाचं शिंग गेलं त्यात.”

“बरं. आणि आम्ही आलो तर पाय कुठं ठेवायचे?”

“तेच सांगायला आले आहे,” साळूताई म्हणाली. “तुम्ही एका ओळीत चालता ना? पुढच्याच्या पावलात मागच्याचं पाऊल पडतं. मग तुम्हाला सगळी दरी कशाला हवी? एक वाट पुरे. ती मी आखून देते. माझे काटे दोन्ही बाजूंनी रोवते. काट्यांच्या मधून यायचं. काट्यांच्या पलीकडे आमची घरं.”

“काट्यांना कोण भितं?” सुळेवाला हसला.

“तळव्यात गेला की कळेल तुला,” आजी म्हणाली. मग ती साळूताईकडे वळली. “येतो आम्ही, पौर्णिमेच्या सकाळी. पण बाई, एक गोष्ट ध्यानात ठेव. हत्तीच्या सगळं लक्षात राहतं, फक्त निघायची वेळ तेवढी राहत नाही. ती तू सांगायची.”

“सांगेन,” साळूताई म्हणाली खरी. पण आपण, एवढ्याशा जिवाने, हत्तींना जा म्हणायचे या नुसत्या कल्पनेने तिला परतीच्या वाटेवर घाम फुटला.

साळिंदराचा काटा ओढला की निघतो आणि पुन्हा उगवतो. पण उगवायला वेळ लागतो, आणि तोवर अंगावर संरक्षण म्हणून काही उरत नाही. साळूताईने एकेक काटा उपटायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी येई, ती पुसे आणि पुढचा काटा ओढे. सशाने खड्डे केले, खारीने काटे उभे केले. मोर तर कामचुकारच. पण तोही आला आणि मुकादमासारखा फिरू लागला. “इथं आणखी एक लावा! हत्तीचा पाय केवढा असतो ते मला विचारा!” काम संपत आले तेव्हा साळूताईच्या अंगावर शेपटीचे चार पोकळ, खुळखुळणारे काटे तेवढे उरले होते. ती बिळात शिरली तर पिल्ले कोपऱ्यात दडून विचारू लागली, “आपण कोण? आई बाहेर गेली आहे.”

नेमके त्याच वेळी सरकार तिथे आले. रोवलेल्या काट्यांची लांबच लांब ओळ बघून डुकराने डोळे बारीक केले. “हे काय चाललंय?”

  मोराने पिसाऱ्यात तोंड लपवले. घाबरलेल्या खारीच्या तोंडून सवयीने निघून गेले, “वा! वा!”

“अच्छा!” डुक्कर खुलले. “आमच्या वाढदिवसाची आरास! छान, छान. अशीच थेट झऱ्यापर्यंत आणा. आम्हाला मधून मिरवत जाता येईल.” मग बोडक्या साळूताईकडे बघून ते म्हणाले, “शेवटी अंगावरची हत्यारं आमच्या चरणी वाहिलीस. उशिरा का होईना, अक्कल आली.”

साळूताईने मान खाली घातली. मान खाली असली की हसू दिसत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी सरकार अंगाला ताजा चिखल फासून काट्यांच्या मधून मिरवत निघाले. छाती पुढे, सुळे वर. वळणावर पोचले, तर समोर वाट बंद. एक राखाडी डोंगर उभा, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. सुळेवाल्याने अशी काही आरोळी ठोकली, की जांभळे टपाटप खाली पडली. सरकारने बाजूला उडी मारली आणि बरोबर आपल्याच आराशीवर जाऊन बसले. मग काय विचारता! किंचाळत जे सुटले, ते ओढ्याकडून, टेकाडावरून, पार खिंडीपलीकडे. बुडाला टोचलेले काटे उन्हात चमकताना तेवढे लांबपर्यंत दिसत होते. साऱ्या दरीत एक घरटे हलले नाही, एक बीळ ढासळले नाही. मोराने हे सगळीकडे फिरून स्वतः पाहिले, आणि मग आनंदाने पिसारा फुलवून नाच केला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती, नाही का? पण गंमत पुढेच आहे.

हत्ती दमले होते, म्हणून मुक्कामाला राहिले. आजी कळपासह उतारावर पाला खात होती. सुळेवाला मात्र झऱ्यात जाऊन बसला. सकाळ झाली आणि दरीतले सगळे प्राणी डोळे चोळत चोळत सवयीने रांगेत येऊन उभे राहिले. सशाने समोर बघितले, दोन मोठे पांढरे सुळे दिसले, आणि त्याचे तोंड आपोआप उघडले. “आपले सुळे म्हणजे चंद्राची कोर!”

“काय म्हणालास?” सुळेवाल्याचे कान टवकारले. “पुन्हा म्हण बरं.”

ससा पुन्हा म्हणाला. हरणाने भर घातली. खारीने “वा! वा!” केले. सुळेवाला गालातल्या गालात हसू लागला. “मला वाटतं,” तो म्हणाला, “मी इथंच राहावं. ते डुक्कर परत आलं तर? तुमच्याच भल्यासाठी म्हणतो.” आणि तो आरामात काठाला टेकला.

काठाची माती ढासळली. बिळात पिल्ले खोकू लागली.

साळूताईने इकडेतिकडे पाहिले. रांगेतले सगळे खाली बघत होते. अंगावर काटा नाही, समोर हत्ती, आणि तोही उपकार केलेला. तिला वाटले, आजी बोलेल. पण आजी लांबून नुसती बघत होती. पुन्हा माती पडली. तशी ती थरथरत पुढे झाली आणि शेपटीचे चार खुळखुळे होता नव्हता तेवढा जोर लावून वाजवले.

“दादा, उठा. आता निघायचं.”

सुळेवाला चकित झाला. “अगं, मी तुमचा शत्रू आहे का? मीच तर त्याला पळवलं!”

“पळवलंत. तुमचे उपकार जन्मात विसरायची नाही मी. म्हणून तर तोंडाने सांगतेय.” साळूताईचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “डुकराला जा म्हणायला मी हत्ती आणले. हत्तीला जा म्हणायला कुणाला आणू?”

 साळूताईने शेपटीचा एक काटा उपटला आणि सुळेवाल्याच्या पायापुढच्या चिखलात रोवला. “इथून पुढं वाट परतीची.”

सुळेवाल्याने काट्याकडे बघितले, रांगेकडे बघितले, मग आजीकडे बघितले.

“माझ्याकडे काय बघतोस?” उतारावरून आजी म्हणाली. “वाट तिची आहे.”

सुळेवाल्याचे कान लाजेने खाली आले. मनाने निर्मळ म्हणून सांगितले ना मी! तो हळूच उठला, ढासळलेली माती सोंडेने काठाला थापून बसवली आणि काल उमटलेल्या आपल्याच पावलांत पाऊल टाकत चालू लागला. त्याच्यामागे सगळा कळप गेला. खिंडीत पोचल्यावर आजीने वळून सोंड उंचावली.

दुसऱ्या सकाळी दरीतले प्राणी पुन्हा सवयीने रांगेत उभे राहिले. झऱ्यात कुणी नव्हते. पाणी तळापर्यंत स्वच्छ. खारीने त्या रिकाम्या झऱ्याकडे बघून “वा! वा!” केले, आणि सगळे पोट धरधरून हसले. मग प्रश्न आला, आधी कुणी प्यायचे? ससा म्हणाला मी, हरीण म्हणाले मी, मोर म्हणाला पाहुण्याचा मान पहिला. ससा म्हणाला, तू कसला पाहुणा, करवंदं खाताना तर घरचा असतोस! बघता बघता असे काही कडाक्याचे भांडण जुंपले, की डोंगरापलीकडे हत्तींनाही ऐकू गेले असेल. साळूताई पिल्लांना पहिल्यांदाच बाहेर घेऊन उन्हात बसली होती. इतके गोड भांडण तिने कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. थोडा वेळ तिने ऐकले, मग तिलाही राहवेना. “आधी पिल्लांना!” म्हणत तीही त्यात उतरली.

तात्पर्य : जुलूम आपल्याच्याने हटत नसेल तर बाहेरच्याची मदत जरूर घ्यावी, पण त्याने यायचे ते गांजलेल्यांनी बोलावल्यावर आणि त्यांनी आखलेल्या वाटेने, आणि काम झाल्यावर “आता निघा” म्हणायचे धाडस घरच्यांनी स्वतःजवळ राखून ठेवावे.