दुधाची शीग

न्हाय न्हाय, त्या सदोबाला काय कळतंय? म्हनं दुधाच्या मापाला शीग चढत न्हाय, मग गोष्टच खोटी. गोष्ट निम्मी ऐकायची आन उठून जायाचं, वर आमालाच खोटं पाडायचं. तू तरी बस. बूड हलवू नगंस.

एका राज्यात भानदेव नावाचा राजा व्हता. त्या राज्याची रीत अशी, की माप द्यायचं तर शीग लावूनच द्यायचं. काठाच्या वर ढीग चढला पायजे. मापावर हात फिरवून सपाट करनाऱ्याला लोक पोरगी देत नसत.

एक दिस खापऱ्या जादूगार दरबारात आला. काखंत पितळंचं माप. म्हनला, राजा, मी मागंन त्या तीन जिनसा ह्या मापानं दे, शिगंसकट. सगुनारानी शेजारीच व्हती. ती हळूच म्हनली, "आवो, इचारा तरी, कशाकशाचं माप." पर चारचौघांत राजाच्या मिशीला पीळ भरला व्हता. त्यानं न इचारता शबूद दिला.

खापऱ्या हसला. जोंधळा, दूध आन उदाचा धूर, असं त्यानं मागितलं. मग एक टाळी वाजवली, तशी रानीची साळुंकी झाली आन तुळईवर जाऊन बसली. "दिस बुडायच्या आत तिन्ही मापं दे, रानी तुझी. न्हाय तर साळुंकी माझ्या पिंजऱ्यात."

जोंधळ्याला येळ लागला न्हाय. दान्यानं दाना धरला, डोंगरावानी टोक आलं. राजानं मिशीवरनं हात फिरवला.

मग दूध. राजा सोता वतायला बसला. काठापातुर आलं आन सांडलं. हळू वतलं, सांडलं. जोरात वतलं, राजाच्या धोतरावर सांडलं. परधान म्हनला, महाराज, दुधाला दम द्या. राजानं दिलासुदिक. दूध काय ऐकतंय? दरबारात घोट्याएवढं दूध झालं आन गावातली समदी मांजरं गोळा झाली.

तवा साळुंकी वरनं बोलली, "दूध भांड्याचा आकार घेतं. जितं भांडं सपलं, तितं ते वाहून जानार. त्येला आधी उभं ऱ्हायला शिकवा. गवळ्याची कपिला काल व्यालीया. तिचा चीक आना."

चीक आनला, गूळ-येलदोडा घालून वाफवला. खरवस थिजला, वड्या पाडल्या आन मापात रचल्या. काठाच्या वर वीतभर शीग चढली. खापऱ्या म्हनला, हे दूध न्हाय. साळुंकी म्हनली, "कासेतनंच आलंय न्हवं? मग काय इहिरीतनं काढलंय?" खापऱ्यानं शिगंवरची एक वडी तोंडात टाकली. मग दुसरी टाकली. आन बोटं चाटत म्हनला, पावलं.

ऱ्हायला धूर. दिस कलला व्हता. मापात निखारं टाकलं, वर ऊद. धूर भरला आन निघून चालला. झाकन ठेवलं तर शीग दिसंना, काढलं तर धूर ऱ्हाईना. राजा पटका सोडून धूर गोळा करत दरबारभर पळाला. परधान दुसऱ्या अंगानं हाकत व्हता. धूर दोघांच्या मधनं ग्येला. सूर्य टेकडीला टेकला आन खापऱ्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. राजानं पटका खाली टाकला. वर बघून म्हनला, "सगुना, चुकलो मी. तुला इचारायला पायजे व्हतं."

साळुंकी म्हनली, "ते मागनं. आधी दारं-खिडक्या लावा. जोंधळा बसला तिथं बसतो, दुधाला भांड्याचा काठ पुरतो. धुराला काठच न्हाय. जेवढी जागा, तेवढा त्यो. त्येला धरू नका, पसरू द्या."

दारं लावली, ऊद वाढवला. मापातनं धूर उठला, खांबाला भिडला, कोनाड्यात शिरला, तुळया गिळून छताला टेकला. राजा म्हनला, "ही बघ शीग." खापऱ्या खोकत म्हनला, बास, भरलं. "बास कसं? छत काढतो, आजून चढंल." खापऱ्याच्या डोळ्याला धारा लागल्या. "भरलं म्हनतोय न्हवं, पावलं समदं."

तिन्ही मापं पावली, शाप सुटला. धुरातनं सगुनारानी शिंकत भाईर आली, केसात एक पीस तसंच. खापऱ्या दार सापडंपातुर तीन खांबांवर आपटला आन जो पळाला तो माप टाकून. रानीनं पयलं राजाला फरशी पुसायला लावलं. मग दवंडी दिली: जोंधळा शिगंनं, दूध काठोकाठ, ऊद चिमटीनं, आन शबूद घरात इचारून. राज्य सुखात नांदलं.

आता टकामका बघत बसू नगंस. ऊठ, चुलीतला निखारा काढ, त्यावर चिमूटभर ऊद टाक, आन धुराची शीग कुठं थांबती ते मला दाखव.