येसू सुतारणीची भिंत

तुमच्या-माझ्या पणज्यांनाही दात फुटले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. केळशेत गावात नारळी-पोफळीच्या बागा होत्या आणि त्यांना पाणी द्यायला पाच विहिरींवर पाच रहाट होते. ते दुरुस्त करायची येसू सुतारीण. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं तिनं उचलली. गावाला दुसरा सुतार नव्हता, म्हणून गावानं चालवून घेतलं.

येसूला लिहिता येत नव्हतं. मग तिनं घराची भिंत सारवली आणि पाच रहाटांच्या पाच ओळी पाडल्या. तेल घातलं की गेरूचा ठिपका, पाणी उपसायचा लोटा बदलला की गोल, चाकाचा नवा लाकडी आस बसवला की उभी रेघ. रेघेशेजारी लाकूड कुठल्या झाडाचं, त्याचं चित्र. तीन पावसाळे भिंतीवर कोसळले, पण एक ठिपका पुसला नाही, असं म्हणतात. म्हणोत बापडे, मला वाटतं, ती दर वर्षी पुन्हा गिरवत असणार.

लोक हसायचे. गावचा मानकरी धाकू गावकर म्हणायचा, रहाटांच्या पत्रिका मांडतेय, आता लग्नंही लावील.

मग एका वैशाखात आठ दिवसांत तीन रहाटांचे आस मोडले. पोफळी माना टाकू लागल्या. बाईचा हात लागला म्हणून विहिरीचा राखणदार देव कोपला, असं गाव बोलू लागलं. देवळापुढं माणसं जमली, राखणदाराला द्यायला कोंबडा आणला, आणि येसूनं हत्यारं कायमची खाली ठेवावीत असं ठरत आलं.

येसू सगळ्यांना आपल्या भिंतीपाशी घेऊन गेली. मोडलेल्या तिन्ही आसांच्या रेघांशेजारी एकच झाड होतं, गावकराच्या परसातला फणस. जत्रेआधी रहाटांचं काम उरकायचं म्हणून त्यानं तो चांदण्या पंधरवड्यात तोडवला होता. चांदण्यातलं लाकूड किडतं, हे तिनं तेव्हाच सांगितलं होतं. पण गावकरापुढं चालतंय कुणाचं.

येसू म्हणाली, "राखणदार नाय कोपलेला. ह्याच फणसाचा चवथा आस वरच्या विहिरीवर हाय. तो आजच काढूया. धड निघाला, तर हत्यारं मीच विहिरीत टाकीन."

आस काढून अंगणात ठेवला. वारा नव्हता, कुणाचा हात नव्हता, आणि भर दुपारी तो आपला आपण दुभंगला आणि आतून पायलीभर भुसा सांडला, असं म्हणतात. त्या गोंधळात कोंबडा सुटला तो थेट माडावर. पुढं तो म्हातारा होऊन मेला म्हणे.

गावकरानं खाली मान घालून येसूची हत्यारं उचलली आणि तिच्या हातात दिली. माळ्यावरचं मुरलेलं लाकूडही दिलं. चार दिवसांत चार आस बसले, पाणी खळखळलं, आणि गाव आनंदानं पाटात नाचलं.

आता रहाट गेले, पंप आले. पण खंडेनवमीला केळशेतात जो तो आपल्या अवजारापुढं उभा राहतो, वर्षभरात त्याचं काय काय केलं ते येसूच्या नावानं सगळ्यांसमोर सांगतो, गेरूची खूण करतो आणि मगच फूल वाहतो. गेल्या वर्षी सरपंच आपल्या पंपापुढं उभे राहिले आणि त्यांना काहीच सांगता येईना. बायकांनी हसू दाबायला तोंडाला पदर लावले. सरपंचांनी फुलांचं ताट खाली ठेवलं, पाना आणि तेलाची बुधली आणायला घराकडं धाव घेतली, आणि पंप उघडून, पुसून, तेल घालून होईस्तोवर अख्खं गाव आरतीसाठी थांबून राहिलं.