कॅमेऱ्याकडं बघायचं नाही

एका गावात बाळकू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? "दाराकडं लक्ष ठेव" म्हणून सांगितलं, तर चोर खिडकीतून शिरला तरी हा दाराकडंच बघत बसेल, इतका.

वय तिशीला टेकलं, तरी लग्न जमेना. शेवटी शेजारच्या गावचे आप्पा चौगुले त्यांची नलू द्यायला तयार झाले. पण म्हणाले, "आधी पोराच्या हाताला काही धंदा दिसू दे. मग मांडव घालू."

बाळकूच्या मारुतीमामांचं फोटोचं दुकान होतं. मामांनी त्याच्या गळ्यात कॅमेरा अडकवला. "जा, बाजाराचे फोटो काढून आण. साधे, रोजचे."

बाळकूनं सगळा बाजार रांगेत उभा केला. भाजीवाली, कासार, कल्हईवाला, सगळे छाती फुगवून. रोल धुतला तेव्हा मामांनी कपाळावर हात मारला.

"अरे, ही काय पोलीसभरती आहे? माणसाला सांगायचंच नाही. त्याचं लक्ष नसताना गुपचूप काढायचा. कॅमेऱ्याकडं कुणी बघता कामा नये. त्याला म्हणतात नैसर्गिक फोटो!"

"बरं मामा," बाळकू म्हणाला, आणि विसरू नये म्हणून त्यानं रुमालाला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पोतदार गुरुजी ओळखपत्राच्या फोटोला आले. तेल लावून, भांग पाडून स्टुलावर बसले. बाळकू पडद्याआड जो दडला, तो बाहेर येईना. अर्ध्या तासानं गुरुजींना जांभई आली. खटॅक! ओळखपत्रावर गुरुजींचं नाव, गुरुजींचा हुद्दा आणि गुरुजींची पडजीभ.

"शहाण्या, अशा वेळी माणसाला 'हलू नका' म्हणून सांगायचं! श्वास रोखून बसवायचं!"

"बरं मामा." दुसरी गाठ.

पुढच्या आठवड्यात जत्रेच्या कुस्त्या होत्या. आपल्या गावच्या पैलवानानं समोरच्याला डोक्यावर उचलला, आता आपटणार, एवढ्यात बाळकू आखाड्यात शिरून ओरडला, "हलू नका! श्वास रोखा!"

पैलवान बिचारा सज्जन. थांबला. वरचा मात्र थांबला नाही. सुळकन निसटला आणि आपल्या गड्याला चीतपट करून मोकळा झाला. गाव बाळकूला झोडपायला निघालं. मामांनी मधे पडून, हातापाया पडून सोडवला.

"बाबा रे," मामा घाम पुसत म्हणाले, "चालत्या कामात तोंड घालायचं नाही. जे घडतंय ते घडू द्यायचं. आपण तिथं नाहीच असं वागायचं. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही!"

"बरं मामा." तिसरी गाठ.

आप्पांना यातलं काही कळलं नाही. त्यांना गळ्यातला कॅमेरा दिसला आणि त्यांनी तारीख धरली. बाळकूचा आनंद गगनात मावेना. आठ दिवस आरशासमोर मुंडावळ्या बांधून बघत होता.

लग्नात नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं. म्हणून मारुतीमामा हळहळले, "अख्ख्या गावाची लग्नं मी टिपली, आणि आपल्या घरच्या लग्नाचा एक नैसर्गिक फोटो निघायचा नाही बघ." एवढं बोलून ते नारळ आणायला गेले.

बाळकूच्या जिवाला ते फार लागलं. तो पाटावरून उतरला, कॅमेरा घेतला आणि आचाऱ्यानं रचलेल्या लाकडांमागं जाऊन बसला. रुमाल चाचपला. तिन्ही गाठी जागेवर होत्या.

"नवरदेव कुठाय?" भटजी ओरडले.

"बाळकू! अरे ए बाळक्या!" मामांनी मांडव डोक्यावर घेतला.

बाळकूला हसू फुटत होतं. पण त्यानं ओ दिली नाही. श्वास रोखून धरला.

"मुहूर्त टळतोय हो आप्पा!"

आप्पा रडकुंडीला आले. भर मांडवात पोरगी तशीच उभी, वऱ्हाड कुजबुजायला लागलेलं. अंतरपाटाचं एक टोक धरायला नलूचा आतेभाऊ रंगा उभा होता. आप्पांनी त्याचा दंड धरला आणि ओढून पाटावर उभा केला.

खटॅक!

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, जेवणं उठली.

संध्याकाळी मामा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. बाळकू ओला फोटो घेऊन धावत आला.

"मामा, बघा! भटजी घड्याळ बघतायत, आप्पा रंगाला ओढतायत, तुम्ही मला शोधताय. कसं सगळं नैसर्गिक आलंय!"

मामांनी फोटो हातात घेतला.

"एकच खोट राहिली," बाळकू चुकचुकला. "ही नवरी. सरळ कॅमेऱ्याकडं बघतेय. सगळा वेळ माझ्याकडंच बघत होती हो! वर ओठावर बोट ठेवून हसतेय. एवढी मोठी झाली, पण हिला कुणी शिकवलेलंच दिसत नाही."