खोलवाडीच्या रहाटाचे गाणे

खोलवाडीच्या चर्चमागे दगडी विहीर आहे आणि तिच्यावर लाकडी रहाट. पाणी आता पंपाने येते, तरी रहाटाला दरवर्षी तेल मिळते. का, ते इनासकाका पाहुण्यांना विहिरीच्या काठावर बसवून सांगतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, दुमिंग मास्तर चर्चमध्ये गायन शिकवत. त्या साली वरची आळी आणि खालची आळी विहिरीवर पाणी भरण्याच्या पाळीवरून भांडली. गायनमंडळात दोन्हीकडचे लोक. एकाने सूर उचलला की दुसरा त्याच्याही वर. नाताळचे गाणे तर वरच्या आळीने अख्खी ओळभर आधीच संपवले!

फादर म्हणाले, "मास्तर, राखेच्या बुधवारी हे चालायचं नाही. नाहीतर शेजारच्या गावचं मंडळ बोलावतो."

कपाळाला राख लावून पश्चात्ताप करायचा आमच्या गावाने आणि गळे परगावचे? मास्तरांना हे मानवेना. त्यांनी लॅटिन गीत बसवले. त्याचीही शर्यत झाली. व्हायोलिन आणले, तर लोकांचे पाय थिरकू लागले.

मंगळवारी सकाळी ते हताश होऊन विहिरीवर बसले. नातालबाय रहाटाच्या पोपट नावाच्या बैलामागे गुणगुणत फिरत होती. रिकामी मडकी खाली जात, भरलेली वर येत. बैल मधेच थांबला. बायचे गाणेही थांबले.

"हाक ना त्याला," मास्तर म्हणाले.

"हा पोपट कुणाच्या बापाचं ऐकत नाही, मास्तर. त्याच्या पुढं पळून मी कुठं जाऊ?"

मास्तर उठले ते हसतच. त्यांचा बेत ऐकून फादरांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले.

बुधवारी सारा गाव विहिरीभोवती जमला. दयेची प्रार्थना, चाल नातालबायची, ताल बैलाचा. एक ओळ वरच्या आळीची, एक खालच्या. वरची आळी पळू पाहत होती, पण पोपट आपला सावकाश. आणि ओळ अर्धी असताना तो थांबलाच. सगळे तोंड उघडे ठेवून उभे. एकमेकांकडे बघण्यावाचून दुसरे काम उरले नाही.

असे सांगतात की, तेव्हा खालच्या आळीचा कायतान पुढे आला, बैल सोडला आणि दांड्याला खांदा लावला.

"एकटाच ओढतोस? मडकी फोडशील!" म्हणत वरच्या आळीचा पास्कू दुसऱ्या बाजूला लागला.

रहाट फिरला. उरलेले गाणे एका सुरात झाले. फादरांनी दोघांच्या घामेजल्या कपाळांना राख लावली, ती ओघळून मिशांत उतरली आणि पश्चात्तापाच्या दिवशी गाव खदखदून हसला.

आजही राखेच्या बुधवारी तेच गाणे होते. बैल नाही. वर्षभरात ज्या दोघांचे बिनसले असेल, त्यांनी दांडा ओढायचा. ते थांबले की गावाचे गाणेही थांबते.

"यंदा कोण?" एका पाहुणीने विचारले.

इनासकाकांनी तेलाची बाटली उचलली. "मी आणि माझा धाकटा भाऊ. नाताळपासून बोलत नाही गाढव. पण काल हे तेल त्यानंच आणून ठेवलं."