करंजाशी कुस्ती

“...पण वस्ताद, तीन करंजांपायी तुमी माझ्या सत्काराला येणार न्हाई?”

संग्राम सरगर पाया पडायला वाकला, तसे दस्तगीर वस्तादांनी पाय मागे घेतले. त्याचे हात नुसते उंबऱ्यावर टेकले.

असं आजवर कधी झालं नव्हतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या तालमीच्या लाल मातीत लोळला होता. काल त्यानं जिल्ह्याच्या मैदानात भल्याभल्यांना आस्मान दाखवलं, गदा आणली, आणि अख्ख्या पेठेनं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. आज संध्याकाळी सत्कार होता.

सत्कारासाठी पाठीराख्यांनी तालमीसमोरच्या चौकात दुमजली घराएवढा फलक उभा केला होता. संग्रामच्या खांद्यावर गदा, मिशीला पीळ. पण रस्त्यावरून दिसायची ती नुसती गदाच. बाकीचा पैलवान करंजांच्या पानांआड.

मग कुणीतरी झाडं तोडणारी माणसं आणली. संग्रामला विचारलं, तेव्हा त्यानं हार नीट करता करता मान डोलावली होती.

आता एक करंज अर्ध्या रस्त्यावर आडवा पडला होता, ऐन बहरातला, फुलांसकट. कोथिंबीर विकणाऱ्या हौसाबाईनं आपली पाटी शेजारच्या करंजाखाली सरकवली, तर तिथूनही तिला उठवलं. त्या झाडाला दोर बांधायचं चाललं होतं. तिनं चौकात उभं राहून सगळ्यांचा उद्धार केला. कुणी ऐकलं नाही.

“फलक दिसत न्हवता, वस्ताद,” संग्राम म्हणाला.

“आधी कोण आलं? झाड का फलक?”

“झाड.”

“मग फलकानं सरकायचं.”

संग्रामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी गदा आणली, तिचं कौतुक राहिलं बाजूला. दोन शब्द गोड नाहीत. परक्यांनी डोक्यावर घ्यावं आणि घरच्यानं असं तोडून बोलावं?

“झाडच हाय ते, वस्ताद. माणूस मेल्यागत काय करताय?”

वस्ताद भिंतीला धरून उठले. सदरा काढला, खुंटीला लावला. छातीची हाडं मोजून घ्यावीत असा देह. तोल सावरत ते लाल मातीच्या हौद्यात उतरले आणि मधोमध उभे राहिले.

“ये.”

“आत्ता?”

“ये म्हनतो न्हवं!”

तो आवाज ऐकून जोर मारणारे गडी जागच्या जागी थांबले. संग्रामनं कपडे उतरवले, लांग कसली, मातीला हात लावून कपाळाला नेला. समोर येऊन शड्डू ठोकला.

वस्तादांनी शड्डू ठोकला नाही. हातही पुढं केला नाही. दोन्ही हात खाली सोडून ते नुसते उभे होते.

“पाड मला.”

“हात तर द्या, वस्ताद.”

“न्हाई देत.”

“पवित्रा तरी घ्या.”

“न्हाई घेत. हितनं हलनार बी न्हाई. पाड.”

संग्राम त्यांच्याभोवती एक फेरी फिरला. धरायचं तरी कुठं? मनगटाला की मानेला? याच हातांनी आपल्याला पहिला डाव शिकवला. नुसता धक्का दिला तरी म्हातारा कोलमडेल...

“का रं? ताकद सरली? गदा आणलीस न्हवं?”

गडी खाली बघायला लागले.

“न्हाई पाडत,” संग्राम शेवटी म्हणाला. “जो हात उचलत न्हाई, जागचा हलत न्हाई, त्याला पाडणं म्हंजी कुस्ती न्हवं. तुमीच शिकवलंय.”

“मी?”

“तुमीच.”

“मग भाईर काय चाललंय?”

बाहेर करवतीचं यंत्र घर्रकन सुरू झालं.

संग्राम तसाच धावला, उघडाबंब, अंगाला माती. दुसऱ्या करंजाच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. “बंद करा!” तो गरजला. “बंद करा म्हनतो!”

“अरं पैलवान, मग फलक?” एका पाठीराख्यानं विचारलं.

“उतरवा.”

“लोक काय म्हनतील?”

“काय म्हनायचं ते म्हनू देत. माझं थोबाड बघायला सावली कापायची व्हय रं?”

यंत्र बंद पडलं. दोर सुटला. हौसाबाई पाटी घेऊन परत करंजाखाली बसली. चौकात चार टाळ्या वाजल्या, आणि संग्रामची छाती पुन्हा भरून आली. मैदानात आली होती, तशीच.

वळून बघतो तर वस्ताद तालमीच्या बाहेर आलेले. तो हसत त्यांच्याकडे गेला.

“दोन वाचवली, वस्ताद! आता तरी येणार का न्हाई सत्काराला?”

वस्ताद हसले नाहीत. ते पडलेल्या करंजापाशी गेले. तुटल्या बुंध्याचा ओला पांढरटपणा अजून सुकला नव्हता. फांद्यांवर मधमाश्या अजूनही फुलं हुडकत होत्या.

संग्रामचं हसू विरलं.

“याच्या जागी दुसरं लावतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “एकाच्या जागी धा लावतो. सोता पाणी घालतो...”

वस्तादांनी संग्रामचं मनगट पकडलं, त्याला खाली वाकवलं आणि त्याचा तळवा त्या आडव्या खोडावर टेकवला.

“पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवायची आपल्या तालमीची रीत हाय. उठव त्याला.”