पिवळे लाडू

फार पूर्वी काशीनगरीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हलवायाच्या कुळात जन्मले. त्यांचे लाडू चवीला उत्तम, पण रंगाने फिकट. समोर पिंगल हलवायाचे दुकान होते. चितारी भिंतीवरच्या चित्रांना वापरतात तो हरताळ नावाचा पिवळा, विषारी रंग पिंगल लाडवांत मिसळी. लाडू पिवळेधमक दिसत. लोकांना काय, डोळे भरले की पुरे! बोधिसत्त्वांच्या दुकानात माशीही फिरकेना.

हलवायांची एक रीत होती. नव्या पदार्थाचा पहिला घास तो बनवणाऱ्याने सर्वांसमक्ष आपल्या लेकराला भरवायचा. पिंगलनेही लेकीला, रेवतीला, भरवला होता. ती हसतखेळत राहिली आणि सगळे निर्धास्त झाले. एका घासाने जे होत नाही ते रोजच्या घासाने होते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. पोर सुकत चालली. अन्न जाईना, म्हणून भाबडा बाप आवडीचा पिवळा लाडूच तिच्या हाती देई.

अशात, राजपुत्राच्या उष्टावणाला नगरातल्या सर्व मुलांना पिवळे लाडू वाटायचे ठरले. लाडवांचा रंग आणि पोरीची दशा पाहून बोधिसत्त्वांनी हरताळ ओळखला होता. राजाला सांगितले असते तर पिंगल सुळावर गेला असता आणि लाडवांचा मान त्यांना मिळाला असता. पण ते पिंगलच्याच दारी गेले.

"माझे लाडू खपतात म्हणून पोटात दुखतंय होय?" पिंगल म्हणाला.

"दुखतंय ते तुझ्या लेकीच्या पोटात, दादा. तो हरताळाचा लाडू बंद कर, ताकभात दे. उष्टावणापर्यंत बरी झाली नाही, तर माझं दुकान तुझं."

दुकानाच्या लोभाने का होईना, पिंगलने ऐकले. पावसाळा सरता सरता रेवती अंगणात धावू लागली. तेव्हा तो बाप ढसाढसा रडला, आणि आपल्या पायांनी राजासमोर जाऊन सारे सांगून मोकळा झाला.

राजा संतापला. सोबत आलेले बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, यानं स्वतःच्या हातानं लेकीला विष भरवलं. याहून मोठी शिक्षा कुठून आणाल? पदार्थात मीठही घालतात, हळदही घालतात. जे घातलं ते उघड सांगावं, आपल्या लेकराला रोज देता येईल तेच विकावं. एवढी आज्ञा करा."

राजाने तशी दवंडी पिटवली. उष्टावणाला दोघे हलवाई एकाच चुलीपाशी बसले. पहिला फिकट लाडू रेवतीने खाल्ला आणि भर सभेत हात पुढे केला, "आणखी एक द्या ना!" सारी काशी आनंदाने गरजली.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, रेवती ही आज दारी येऊन आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका. तो फिकट लाडवांचा हलवाई मी होतो. आणि पिंगल म्हणजे संघाची पेज आधी स्वतः पिऊन मगच वाढणारा हा आपला वृद्ध भिक्षू." वैऱ्याच्या लेकराला आपले मानणे, हीच मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.