तेविसावी तार

"मग आता पाठवू ना, मॅडम?"

सौमित्रने आलेख आपल्या मार्गदर्शक लोखंडेबाईंपुढे सरकवला. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी बारीक तार, तिच्यावर अतिवाहक धातूचा मुलामा, आणि थंडी अशी की त्या धातूत वीज अडतच नाही. अशा तारेत इलेक्ट्रॉन अर्धा या टोकाला, अर्धा त्या टोकाला राहू शकतो, असं गणित सांगतं. तसं झालं तर आलेखात बरोबर शून्य व्होल्टला शिखर उठतं. सौमित्रच्या आलेखात ते उठलं होतं, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. शोधनिबंध छापून आला तर परदेशातली जागा पक्की, नाहीतर पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

बाईंनी शिखरावरून बोट फिरवलं.

"किती देखणं आहे रे," त्या म्हणाल्या. खरंच त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही कितवी तार?"

"तेविसावी."

"एकूण मोजल्यास किती?"

"एकतीस. बाकीच्या बिघडलेल्या निघाल्या."

"बिघडलेल्या कशावरून?"

"त्यांच्यात शिखरच नव्हतं ना..."

बोलता बोलताच सौमित्र अडखळला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बाकीचे तीस आलेख मागवून घेतले आणि एकेक करून मांडायला लागल्या. टेबल पुरेना, तेव्हा पदर खोचून सरळ फरशीवर बसल्या. तेविसावा त्यांनी त्याच्या जागी ठेवला, बाविसाव्याच्या नि चोविसाव्याच्या मध्ये.

शिखर तेच होतं. पण इतक्या तारांत एखादीतल्या दोषामुळेही असं शिखर उठतं, हे सौमित्र स्वतःच नव्या मुलांना बजावून सांगायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकच छापला तर... कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही."

...

मग त्याने शोधनिबंधाचं पहिलं पान ओढलं, पेन्सिलीने मथळा खोडला आणि वर लिहिलं, एकतीस तारांची मोजणी.

"म्हणजे पाच वर्षांत मला काहीच सापडलं नाही, मॅडम."

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सापडलं की रे. सगळ्या तारा मांडायचं धाडस यायला मला एकोणीस वर्षं लागली."